अठ्ठेचाळिसावा पेला

१

आमच्या घरी पाहुण्याला पाणी विचारायचं नसतं, द्यायचं असतं. हा आप्पांचा नियम. विचारलं की पाहुणा संकोचाने नको म्हणतो आणि तहानलेला परत जातो, आणि त्याचं पाप घराला लागतं. जावळीतल्या आमच्या गावात हे चालून जायचं, कारण तिथे आठवड्याला एखादा पाहुणा यायचा. ऐरोलीत चौथ्या मजल्यावर कुरियरवाला, गॅसवाला, वर्गणीवाले असे दिवसाला दहा जण बेल दाबतात. आप्पा सगळ्यांना पाणी देत, आणि वर खाली गेटपर्यंत पोचवायलाही जात. कुरियरवाल्याला गेटपर्यंत पोचवणारा नवी मुंबईतला हा एकमेव माणूस असावा.

मी त्यांचा मुलगा, रणजीत. कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. बायको उज्वला नेरूळच्या एका कॉलेजात ऑफिसला आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली. आप्पांनी पस्तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहिल्या, त्याचा लिंबाएवढा घट्टा त्यांच्या मानेवर उजव्या बाजूला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते थोडं थोडं विसरायला लागले होते. चहा घेतला हे विसरत, चष्मा कुठे ठेवला ते विसरत. माझं नाव मात्र एकदाही चुकलं नाही, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

त्या सोमवारी संध्याकाळी घरी आलो तर ओट्यावर चार पेले धुऊन उपडे घातलेले होते. आईचे पेले. तिने हौसेने दोन डझन घेतले होते आणि प्रत्येकावर ‘सौ. रंगूबाई’ असं नाव घालून घेतलं होतं. एरवी ते कपाटात असतात.

“कोण आलं होतं?” मी विचारलं.

“पावनं.”

“कुठले?”

“त्ये न्हाई इचारलं. लई दमून आलं व्हतं. पानी पिलं, वाईच टेकलं, ग्येलं.”

“चौघंही?”

“चौघंबी,” आप्पा म्हणाले आणि टीव्ही लावला.

उज्वलाने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. वर्गणीवाले असतील, असं म्हणून मी विषय संपवला.

२

त्या दिवसांत मी आणि ऑफिसातली शर्मिला मिळून शहराचा नकाशा करत होतो. मोबाइलवर बोटाने सरकवायचा, हवं ते शोधायचा. सरकार बरीच माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवतं आणि ती कुणी उघडूनही बघत नाही. बसथांबे, झाडं, बागा, नाले, सार्वजनिक संडास, सगळ्याच्या याद्या पडलेल्या असतात. त्या उतरवून घ्यायच्या आणि नकाशावर ठिपके म्हणून पसरायच्या, एवढंच आमचं काम. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणा हवं तर. एका संस्थेने अशा नकाशांची स्पर्धा ठेवली होती आणि शुक्रवारी दुपारी परीक्षकांपुढे आमचा नकाशा दाखवायचा होता.

संडासांच्या ठिपक्यांना कुणी बक्षीस देत नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून शोधत शोधत मी एक वेगळी यादी काढली. शहरात आणि आजूबाजूला सापडलेल्या मृतदेहांची. महिन्याला एक फाइल. पुरुष, अंदाजे पन्नास, निळा शर्ट, रुळांलगत. स्त्री, अंदाजे तीस, हातात काचेच्या बांगड्या, पुलाखाली. शेवटच्या रकान्यात बहुतेक सगळ्यांपुढे लिहिलेलं, ‘ओळख पटली नाही’.

शर्मिलाने दोन ओळी वाचल्या आणि स्क्रीनवरून नजर काढली.

“रणजीत, ही माणसं आहेत रे. झाडं नाहीत.”

“म्हणूनच. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं की गुण वाढतात.”

“तू ना, एक नंबरचा हलकट आहेस,” ती म्हणाली, पण कामाला बसली.

अडचण एकच होती. बऱ्याच नोंदींत जागा धड लिहिलेली नव्हती. ‘खाडीकिनारी’, ‘झुडपात’, ‘रस्त्याच्या कडेस’. खाडी किती किलोमीटर लांब आहे! प्रोग्रॅमला अशी जागा सापडत नाही, आणि जागा नसलेली नोंद आली की तो अडून बसतो. त्यावर सगळे जो उपाय करतात तोच मी केला. एक ठरावीक ठिकाण देऊन ठेवलं. जिची जागा कळणार नाही ती प्रत्येक नोंद तिथे टाक. त्यासाठी अक्षांश-रेखांश हवे होते आणि मला तोंडपाठ होते फक्त माझ्या घराचे. तेच टाकले. नंतर बदलू, म्हटलं. आमच्या धंद्यात ‘नंतर बदलू’ म्हणून ठेवलेल्या गोष्टींवरच जग चालतं.

सोमवारी दुपारी मी पहिल्या महिन्याची फाइल चढवली होती. तिच्यातल्या चार नोंदींना जागा मिळाली नव्हती. चारचा आणि चारचा मेळ मी तेव्हा घातला नाही. कोण घालेल?

३

मंगळवारी आणखी चार महिन्यांच्या फाइली चढवल्या. संध्याकाळी ओट्यावर एकोणीस पेले उपडे होते. मी आप्पांवर चिडलो. विसरभोळा माणूस तोच पेला धुतो, विसरतो, दुसरा काढतो, असं मी उज्वलाला समजावलं. डॉक्टरांची वेळ घ्यायचं ठरलं.

बुधवारी वर्षाच्या उरलेल्या सगळ्या फाइली गेल्या. चारच्या सुमाराला शर्मिलाने मला हाक मारली. ती हसत होती.

“अरे, तुझ्या घरावर बघ किती जण बसलेत.”

नकाशावर आमच्या इमारतीच्या डोक्यावर एक मोठा लाल ठिपका होता आणि त्यात आकडा होता, सत्तेचाळीस. मीही हसलो. ठिकाण बदलायचं राहिलं, उद्या करतो, म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा ओटा पुरला नव्हता म्हणून भांडी जमिनीवर फडकं अंथरून उपडी घातली होती. चोवीस पेले. मग चहाचे कप. मग वाट्या, मसाल्याच्या डब्यातल्यासुद्धा, धुऊन पुसून. माझा जिमचा प्लास्टिकचा ग्लास. मी उभ्या उभ्या मोजलं, शेहेचाळीस झाले. सुटल्यासारखं वाटलं मला. मग कडेला एक बारीकसं काहीतरी दिसलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण होतं, तेही उपडं.

“हे काय आप्पा?”

“ल्हान हाय रं त्ये,” आप्पा म्हणाले. “परवा-तेरवा जल्मल्यावानी. त्येला पेल्यानं कसं पाजनार?”

यादीत एक नवजात अर्भक होतं. मला ती ओळ आठवत होती, कारण ती वाचून शर्मिला उठून बाहेर गेली होती.

मी खाली उतरलो. गेटवरच्या वहीत दुपारी कुणाचीही नोंद नव्हती. किसन म्हणून आमचा वॉचमन आहे, परभणीकडचा, शब्दाला पक्का.

“कोणीच नाही आलं साहेब. काका येतात रोज दुपारी दोनच्या आत-बाहेर. इथवर येतात, हात जोडतात, वापस जातात.”

“कुणाला हात जोडतात?”

“मला वाटलं मलाच,” किसन म्हणाला. “मी पण जोडतो.”

४

गुरुवारी मी घरून काम करतो असं कळवलं. आप्पा वेडे होतायत की आपण, हे एकदा बघून टाकू. उज्वला नेरूळला गेली. आप्पांना मी सांगितलं की मीटिंग आहे, बेडरूममध्ये येऊ नका. कानांवर हेडफोन चढवला आणि आवाज बंद ठेवला.

दीडच्या आधी आप्पांनी जेवून हात धुतले. खुर्च्या उचलून गॅलरीत नेल्या, भिंतींच्या कडेने सतरंज्या घातल्या. भांडी भरून परातीतून आणली आणि ओळीने मांडली. मार्केटातल्या माणसाचं काम, थेंब सांडला नाही. मी दार बोटभर उघडं ठेवून बघत होतो. बेल वाजली नाही. तरी आप्पांनी जाऊन बाहेरचं दार उघडलं.

“या. या की. चपला ऱ्हाऊ द्यात पायात, फरशी गार हाय.”

दाराशी कुणी नव्हतं. समोरच्या फ्लॅटचं बंद दार मला इथून दिसत होतं. आप्पा दार धरून बाजूला उभे राहिले, जसं गर्दीला वाट देतात तसे, आणि बराच वेळ उभे राहिले. मध्येच पुढे होऊन कुणाचा तरी कोपर धरावा तसा हात करून चार पावलं चालून आले. मग दोन्ही हात पुढे करून काहीतरी घेतलं, आणि छातीशी धरून थोपटायला लागले. मला रडू आलं. माझा बाप ठार वेडा झाला आणि मला कळलंच नाही, असं वाटलं.

खाडीच्या चिखलाचा वास आला. ओहोटीला तो ऐरोलीत येतोच, हे मी स्वतःला सांगितलं.

आप्पांनी दार लावलं. “घ्या,” म्हणाले.

आणि मग तो आवाज. घोट घेण्याचा. तुम्ही तहानेने गटागटा पाणी पिता तेव्हा घशातून येतो तो. एकाचा आवाज नव्हता. पुष्कळ जण घाईने पीत होते. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, आणि त्या दोन्हींच्या मध्ये हा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. आप्पा माझ्याकडे पाठ करून उभे होते, त्यांच्या हातात फक्त ते झाकण होतं.

दाराच्या फटीतून मला टीव्ही दिसत होता. बंद होता. त्याच्या काळ्या काचेत बाहेरची खोली दिसत होती, भिंत, खिडकी, आप्पांच्या सदऱ्याचं पांढरं. आणि भिंतीलगत खाली गुडघे होते. मांडी घालून दाटीवाटीने बसलेल्यांचे, एकाला एक लागून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मी दार ढकललं आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. खोलीत आप्पा एकटे होते. सतरंज्या कोरड्या, मोरी कोरडी, बेसिन कोरडं. सत्तेचाळीस भांडी रिकामी. तीन मिनिटांत एवढं पाणी कुणी पिऊ शकत नाही, हे मी उभ्या उभ्या तीनदा स्वतःशी म्हटलं.

“हळू बोल,” आप्पा म्हणाले. “घाबारत्यात.”

भीतीचा राग होतो, आणि राग नेहमी घरातल्या गरीब माणसावर निघतो. मी म्हटलं, “ज्यांच्या घरच्यांनी त्यांना मेल्यावर विचारलं नाही, त्यांची तुम्ही उठाठेव करताय? उद्या तुम्हालाच नेऊन सोडतो तसं कुठेतरी. बसा मग एकमेकांना पाणी पाजत.”

झाकण आप्पांनी सदऱ्याला पुसलं.

“घरला आलेल्याला हाकलायचं न्हाई रं, रणजीत,” एवढंच म्हणाले.

५

शुक्रवारी सकाळी मी सगळे पेले पोत्यात भरून माळ्यावर टाकले. स्टूल शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं. निघताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. आप्पा आतून जाळी धरून उभे होते.

“पावनं आलं तर?”

“येणार नाहीत. मी बंदोबस्त करतोय.”

“मंग कुठं जातील?”

मी जिन्याने उतरलो.

ऑफिसात गेल्या गेल्या नकाशा उघडला. शर्मिला शेजारी येऊन बसली. मी बोटाने नकाशा खाली सरकवत नेला, उलवे मागे टाकलं, उरणच्या अलीकडे आलो. तिथे खाडीला लागून एक मोठा पट्टा आहे. घर नाही, रस्ता नाही, झाडही नाही. नुसता चिखल. मी तिथे बोट टेकवलं, आकडे आले, ते माझ्या घराच्या आकड्यांच्या जागी टाकले.

“चिखलात टाकतोस?” शर्मिलाने विचारलं.

“मग काय तुझ्या घरी पाठवू?”

एक वाजून सत्तावन्न मिनिटांनी मी बटण दाबलं. आमच्या इमारतीवरचा लाल ठिपका गेला आणि त्या चिखलात उमटला. सत्तेचाळीस. मला मोकळं वाटलं. खोटं कशाला सांगू, मजाही वाटली.

तीन वाजता परीक्षकांपुढे गेलो. मृतदेहांचे ठिपके मी शेवटी उघडले, आवाज थोडा खाली आणून दोन वाक्यं बोललो, आणि एका बाईंनी खरंच डोळे पुसले. टाळ्या चालू असताना खिशात फोन थरथरत होता. उज्वला होती. तिला त्या दिवशी लवकर सोडलं होतं.

“आप्पा घरात नाहीत,” ती म्हणाली.

“कुलूप?”

“कुलूप जागच्या जागी आहे. मी माझ्या किल्लीने उघडलं.”

घरी आलो. खिडक्यांचे गज शाबूत. माळ्याचं दार लावलेलं, आत पोतं रिकामं. ओट्यावर पेले धुऊन उपडे घातलेले, शेजारी कप, वाट्या, झाकण. मी पेले मोजले. तेवीस. आप्पांची टोपी नव्हती, चपला नव्हत्या.

त्यांच्याकडे दुसरी किल्ली असणार, असं मी पोलिसांना सांगितलं. त्यांनाही ते पटलं. ती किल्ली आजतागायत कुठे सापडलेली नाही.

किसनने त्यांना पाहिलं होतं. “दोन वाजता उतरले साहेब. आज गेटवर थांबले नाहीत, हात नाही जोडले. फुडं निघून गेले, स्टेशनच्या अंगानं.”

“एकटे?”

“एकटेच.” किसनने स्टेशनच्या रस्त्याकडे बोट केलं. “पण हळू चालले होते. दहा पावलं झाली की मागं बघून थांबायचे. कोणी मागं राहिल्यावानी.”

६

सोमवारी सकाळी फोन आला. उरणच्या बाजूला खाडीत एक म्हातारा सापडलाय, तुम्ही दिलेल्या वर्णनाशी जुळतोय, येऊन बघा. मासे धरणाऱ्या एका माणसाने पाहिलं होतं. आम्ही होडीतून गेलो, कारण तिथे दुसरं काही जात नाही.

आप्पा उताणे पडले होते, टोपी डोक्यावर नीट. उजव्या हाताच्या मुठीत पेला होता, त्यावर आईचं नाव. हवालदाराने त्यांना कुशीवर केलं तेव्हा मानेवरचा घट्टा दिसला आणि मी हो म्हणालो. मग माझी नजर पायांकडे गेली. त्या जागी पोचायला गुडघाभर चिखल तुडवावा लागतो, आमच्या पँटी मांड्यांपर्यंत भरल्या होत्या. आप्पांच्या चपला कोरड्या होत्या, तळव्यांच्या भेगांत घरची धूळ होती.

हवालदार पंचनामा लिहीत होता. ‘खाडीकिनारी’ असं लिहून त्याने पुढे टिंब दिलं.

बाप मेल्यावर माणूस काय करेल ते सांगता येत नाही. कुणी रडतं, कुणी गप्प होतं. मी त्याची चूक दुरुस्त केली. “असं नका लिहू साहेब,” म्हटलं, “नीट जागा लिहा, नाहीतर पुढे सापडत नाही.” मोबाइल काढला, आम्ही उभे होतो तिथले अक्षांश-रेखांश उघडले आणि त्याला वाचून दाखवायला लागलो, दशांश चिन्हापुढचे सहाच्या सहा आकडे. तो निमूट लिहून घेत होता. अर्ध्यात माझी जीभ अडली. हे आकडे मला ओळखीचे होते. शुक्रवारी मी माझ्या हाताने ते घातले होते.

“पुढे?” हवालदाराने विचारलं.

मी पुढचे वाचले.

पेला पोलिसांनी पाकिटात बांधून, लाख लावून ठेवून घेतला. आप्पांना आम्ही दुपारी घरी आणलं.

७

तेरावं झालं. आम्हाला स्पर्धेत पहिला नंबर मिळाला. शर्मिला भेटायला आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. उज्वला कामावर जायला लागली. मी रजेवर होतो आणि दिवसभर मला माझंच वाक्य ऐकू यायचं. बसा मग एकमेकांना पाणी पाजत. बापाशी बोललेलं शेवटचं धड वाक्य. मला आप्पा एकदा भेटायला हवे होते, फार नाही, एक मिनिट. चुकलो म्हणायचं होतं.

महिनाअखेरीला नवी फाइल आली. सवयीने चढवली. त्या महिन्यात बाकी सगळ्यांना जागा मिळाली. आणि त्यात आप्पांची ओळ होती. पुरुष, वय ७४, डोक्यास पांढरी टोपी, हातात स्टीलचा पेला. पुढे नाव, पुढे जागा, सहा आकडे दशांशात. शेवटी, ‘ओळख पटली’.

मी विचार केला. ते पाहुण्यांना पोचवायला गेले. पाहुणे जिथे, तिथे आप्पा. पाहुणे परत आले तर तेही येतील, नाहीतर त्यांना पाणी कोण देणार? मी ठरावीक ठिकाणाचे आकडे खोडले आणि आमच्या घराचे परत घातले. नकाशावर लाल ठिपका चिखलातून उठून आमच्या छपरावर आला.

दुसऱ्या दिवशी उज्वला गेल्यावर सतरंज्या घातल्या. सत्तेचाळीस भांडी भरून मांडली. अठ्ठेचाळिसावा पेला शेवटी ठेवला, दाराजवळ, तिथे आप्पा बसायचे. दीड वाजता दार उघडून बाजूला उभा राहिलो. “या,” म्हटलं.

वास आला. पाच मिनिटांनी दार लावलं, आणि घोटांचा आवाज सुरू झाला. या वेळी मी खोलीच्या मधोमध उभा होतो. पेल्यांतलं पाणी खाली जाताना दिसत होतं, एकामागून एक. पेले, कप, वाट्या. झाकण सगळ्यांत शेवटी. मग शांत झालं. टीव्हीकडे मी पाहिलं नाही.

दाराजवळचा पेला भरलेला होता. मी तीनपर्यंत थांबलो. पाणी हललं नाही.

मोबाइल उघडून नकाशा बघितला तेव्हा लक्षात आलं. आमच्या घरावर सत्तेचाळीस. आणि तिकडे उरणच्या अलीकडे, त्या मैलभर चिखलात, एकच ठिपका. आप्पांना जागा होती. बाकीच्यांना कुणीच काही लिहून दिलेलं नव्हतं, म्हणून ते जिथे पाठवेन तिथे जात होते. माझ्या बापाला मात्र मी उभा राहून तिथे पक्का करून आलो होतो.

त्यांच्या ओळीत आमच्या घराचे आकडे घालून पाहिले. दोन दिवस पाहिलं. पाहुणे आले, पाणी प्यायले, तो पेला तसाच राहिला. खोटं लिहिलेलं चालत नसावं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची जागा पुसली, रकाना कोरा ठेवला. तेवढ्याने होईल असं वाटेना. जे त्या सत्तेचाळीसांकडे नाही ते यांच्याकडेही नको. ‘ओळख पटली’ पुसून ‘पटली नाही’ लिहिलं. मग नाव राहिलं. आप्पांचं पूर्ण नाव, मध्ये माझ्या आजोबांचं. ते मी एकेक अक्षर करून पुसलं.

ठिपक्यात अठ्ठेचाळीस आकडा आला.

८

दीड वाजता मी दार उघडलं, ते आले, बसले. दार लावून मी वळतो न वळतो तोच बेल वाजली. इतक्या दिवसांत त्यांच्यापैकी कुणी कधी बेल वाजवली नव्हती.

मी दार उघडलं. वाकून कुणीतरी चपला काढत होतं. पांढऱ्या टोपीखाली मानेवरचा घट्टा मला दिसला. चपला भिंतीला नीट जोडून ठेवल्या, परक्या घरी ठेवतात तशा. मग आत येऊन दाराजवळ सतरंजीच्या टोकाला अंग चोरून बसले. चेहरा मी पाहिला नाही. खरं सांगायचं तर माझी छाती झाली नाही.

“आप्पा,” मी म्हटलं.

कुणी ओ दिली नाही. मी ठेवलेला भरला पेला हाताने बाजूला झाला आणि दुसरा पुढे आला, रिकामा, त्यावर आईचं नाव होतं. काठाला अजून लाख चिकटलेली होती. मी तांब्यातून पाणी ओतलं. अर्धं सतरंजीवर गेलं. त्यांनी पाणी एका दमात संपवलं. घोटांचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो.

मग सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

“लई दमलो बगा,” आप्पा म्हणाले. “लांबनं आलो. कुनाचं घर म्हनायचं ह्ये?”

एका मिनिटासाठी मी हे सगळं केलं होतं. ते मिनिट समोर होतं, आणि ज्याला चुकलो म्हणायचं त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. सगळी खोली माझ्या उत्तराची वाट बघत असावी.

मी त्यांचा पेला पुन्हा भरला.

“बसा पावनं,” म्हटलं. “पानी घ्या.”